शनीच्या चंद्राची पोथी

भटवाडी, घाटकोपर (पश्चिम)
ता. ९ नोव्हेंबर

चिरंजीव राजेश यास सहदेवकाकाचे पोटभर आशीर्वाद. इथे आम्ही सगळे जिवंत आहोत, तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे. सूनबाई श्वेताला आशीर्वाद सांग. तुला मुलं किती, मुलगा की मुलगी, हे इथे कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा त्यांच्यासाठी एक मोठा आशीर्वाद घाऊक पाठवतोय, आपसात वाटून घ्या म्हणावं. मी कोण ते आठवतंय ना? सहदेव घाडी. तुझ्या बाबांबरोबर पाणीखात्यात एकतीस वर्षं चावीवाला होतो. (तुझ्या पोरांना चावीवाला म्हणजे कुलपाच्या चाव्या करून देणारा वाटेल. त्यांना सांग, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून छातीएवढ्या उंच चावीने खालचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि अख्ख्या वस्तीला पाणी सोडतो, तो चावीवाला. आजोबा कोण होते ते पोरांना कळायला हवं.)

तुझी कादंबरी वाचली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘वाचकांनी आपला अभिप्राय जरूर कळवावा’ असं छापलंय आणि खाली प्रकाशकाचा पत्ता दिलाय. तुझा नवा पत्ता नाही, जुना फोन लागत नाही, म्हणून म्हटलं चला, अभिप्राय तर अभिप्राय. (प्रकाशकसाहेब, हे पाकीट तुम्ही फोडलं असलंत तर माझी हरकत नाही, पण वाचत बसू नका. राजेशला द्या. आजच द्या.)

तुला शोधलं नाही असं समजू नकोस. ऑगस्टमध्ये मी बोरिवलीला तुझ्या जुन्या सोसायटीत येऊन गेलो. गेटवरच्या वॉचमनने वही पुढे केली. नाव लिहिलं, वेळ लिहिली, ‘कामाचं स्वरूप’ असा एक रकाना होता, त्यात मी लिहिलं ‘घरचं काम’. त्याने मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, माझी कॅनव्हासची पिशवी बघितली आणि थेट चौथ्या मजल्यावर नेऊन उभा केला. दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, आलात एकदाचे, परवापासून गळतोय. मला वाटलं ही श्वेता असेल, तू भिंतीला टेकून बसला असशील, गळतोय म्हणजे डोळ्यांतून. तर स्वयंपाकघरातला नळ. आता मी काय करायचं, सांग? टपटप ऐकू आली की माझा हात शिवशिवतो. वायसर बदलून दिला (पिशवीत असतोच), चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि मग विचारलं, की बाई, राजेश मयेकर कुठेत. तर म्हणाल्या, ते होय, त्यांच्याकडूनच ही जागा घेतली आम्ही, दोन वर्षं झाली. पुढे कुठे गेले माहीत नाही. नळ दुरुस्त करून मी जिना उतरलो आणि खाली कट्ट्यावर बसून रडलो, वॉचमनसमोर. त्याला वाटलं बाईंनी शिव्या घातल्या.

आता ज्याच्यासाठी शोधत होतो त्याचं सांगतो. जूनमध्ये धोंडूला, तुझ्या बाबांना, झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली, खाटेवरच आहे. (तोंड मात्र शाबूत आहे, त्याची काळजी करू नकोस. खवचटपणा होता तसाच आहे, उलट पडून पडून त्याला धार आली आहे.) त्याचं सगळं तुझी काकू बघते, मी कूस बदलायला असतो आणि माझी नात गंधाली कॉलेजातून आली की औषधं देते. सगळ्यात अवघड वेळ म्हणजे दुपारचे चार. टेकडीच्या वरच्या लायनीचं पाणी चारला सोडायचं, ते रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी त्याच्या अंगातून गेलेलं नाही. पावणेचार झाले की हा तळमळायला लागतो, डाव्या हाताने पांघरूण भिरकावून देतो, उठायला बघतो. आम्ही रेडिओ लावला, गंधालीने मोबाइलवर भजनं लावली, काही उपयोग नाही. मग एके दिवशी ती वाचनालयातून तुझं पुस्तक घेऊन आली. म्हणाली, आजोबा, हे आपले राजेशकाका ना? मागे तुझा फोटो होता. केस गेले रे तुझे. तुझ्या वयाला धोंडूच्या डोक्यावर जंगल होतं.

पण तुझं नाव त्या घरात काढायची सोय नाही, हे तुला माहीत आहे. तुमचं दोघांचं झालं त्या दिवसापासून त्याने ते नाव तोंडातून काढलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढलं की तो भिंतीकडे तोंड करतो. म्हणून मी पुस्तकाला जुन्या लाल कापडाचं कव्हर शिवून घेतलं, मागचा फोटोही झाकला, आणि चारच्या ठोक्याला खाटेजवळ बसून मोठ्याने वाचायला लागलो. तो निवांत झाला रे. पहिल्याच दिवशी.

आता तूच विचार कर. भटवाडीतली गल्ली, आजारी माणसाची खाट, लाल कापडात बांधलेलं पुस्तक आणि रोज चारला एक म्हातारा मोठ्याने वाचतोय. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तळेकर आजी दारात येऊन बसल्या. त्यांनी हळूच विचारलं, कुणाची पोथी? मी काय सांगणार, तुझी म्हणून सांगू? गोष्ट शनीच्या चंद्रावरची आहे, तर तोंडातून निघून गेलं, शनीची. झालं, वाट लागली. दुसऱ्या दिवशी पाच बायका. शनिवारी नऊ जणी, तेलाची वाटी, काळे उडीद, रुईच्या पानांची माळ. तुझा तो पंच्याहत्तर ते एक्क्याण्णव पानांचा गणिताचा भाग नेमका त्या शनिवारी आला. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पण गंधालीने सांगितलं होतं, की आजोबा, जसं लिहिलंय तसं वाचा. म्हणून मी ‘पी गुणिले व्ही बरोबर एन गुणिले आर गुणिले टी’ असं ठणठणीत आवाजात अकरा वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी नऊच्या नऊ जणींनी हात जोडले. तळेकर आजींचा गुडघा त्या आठवड्यात बरा झाला. आता त्यांना कोण सांगणार, की हा वायूचा नियम आहे? मी तर नाही सांगणार बाबा.

तर आता अभिप्राय. तुझा तो ओजस, शनीच्या बर्फाळ चंद्रावर एकटा अडकलेला. तळ बर्फात गडप झाला, बाकीचे गेले, पुढचं यान चारशे बारा दिवसांनी. हवा पाण्यातून काढायची, पाणी बर्फाखालून काढायचं. इथपर्यंत झकास. पण धोंडूचे काही आक्षेप आहेत आणि ते मी जसेच्या तसे कळवतो. एक म्हणजे हा इसम एकटा दिवसाला सव्वाअकरा लिटर पाणी वापरतो, त्यातलं परत गाळून घेतो ते सोड. धोंडू म्हणाला, आपल्या टेकडीवर पाच माणसांच्या घराला एक हंडा पुरायचा, याचं कनेक्शन तोडा. दुसरं म्हणजे बर्फाला भोक पाडायला त्याला एकोणीस दिवस लागतात. आमची गँग असती तर चार दिवसांत पाडलं असतं, आणि वर दोन वेळा जेवणाची सुट्टी घेतली असती. तिसरं, तो स्वतःशीच इतका बोलतो, पण जेवण कसं लागलं ते एकदाही बोलत नाही. उष्मांक सांगतो. उष्मांक सांगणाऱ्या माणसाला घरचं जेवण कधी मिळालेलं नसतं, असं धोंडूचं मत पडलं.

चौथा आक्षेप माझा आहे. अडीचशे पानांत ओजस सगळ्याची मोजदाद करतो: श्वास किती, वॉट किती, बिस्किटं किती. पण त्याला घरी कुणी आहे की नाही, आई आहे की नाही, बाप कुठेय, हे एकदाही येत नाही. गंधाली म्हणते, विज्ञानकथेत तसलं नसतं आजोबा. नसेल. पण मी वाचताना थांबून थांबून वाट बघायचो, की आता आठवेल, निदान या पानावर तरी आठवेल. राजेश, मला ते फार लागलं.

आणि मग एकशे सत्याऐंशीवं पान आलं. ओजसकडे अकरा तासांची हवा उरलेली, खालून पाणी वर चढलंय, पण पाइपात वायू अडकलाय. तू लिहिलंयस, की त्याने चाक तीन फेरे फिरवलं आणि थांबला. शिरस्त्राण पाइपाला टेकवलं. बाहेर हवा नाही म्हणून कानाला काही ऐकू येत नाही, पण लोखंडातून येतं (हे मला गंधालीने समजावलं, पण धोंडूला समजावायची गरज नव्हती). आत वायू सुटल्याचा आवाज थांबेपर्यंत तो हलला नाही, आणि मगच पुढचे फेरे दिले. आपल्या टेकडीवरचा व्हॉल्व्ह असाच उघडतात. घाई केली की आतली हवा पाण्याच्या पुढे धावते आणि जोड फुटतो. तीन फेरे, थांब, चावीच्या दांड्याला कान लाव, मग पुढे. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे धोंडूने मला शिकवलं, आणि तू सहा-सात वर्षांचा असताना तुला शिकवलं, तुझा कान दांड्याला लावून. मी समोर उभा होतो. तू दचकून म्हणाला होतास, की बाबा, खाली कोणीतरी उसासा टाकतंय.

मी ते पान वाचलं आणि धोंडूकडे बघायची हिंमत होईना. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘कोणी लिवल्यान ह्या?’ मी म्हटलं, आहेत कुणी प्रोफेसर. तर म्हणाला, ‘गप रव. राजेशान लिवल्यान. दुसऱ्या कोणाक म्हायत असतला?’ बारा वर्षांनी ते नाव. बायका बसल्या होत्या दारात, त्यांना वाटलं अध्याय संपला, त्यांनी नमस्कार केला आणि उठल्या. धोंडू मग म्हणाला, ‘तेका सांग, दोनशे चाळीसाव्या पानावर चूक हा. ती मी तोंडानच सांगतलंय.’ आता ती चूक कोणती ते मला विचारू नकोस, मला सांगत नाही. तूच येऊन विचार.

बारा वर्षांपूर्वीचं मी मुद्दाम काढणार नव्हतो, पण आता हात थांबत नाही. विमलावहिनी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होत्या आणि तुझा बाप टेकडीवर पाणी सोडत होता. बदली माणूस वेळेवर आला नाही. चारला व्हॉल्व्ह उघडून तो धावत दवाखान्यात पोचला तेव्हा वहिनींना जाऊन वीस मिनिटं झाली होती. हातात ती लोखंडी चावी तशीच. तू एकट्याने आईच्या तोंडात पाणी घातलं होतंस आणि ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, हे तू मला नंतर सांगितलंस. दवाखान्याच्या पायरीवर तू त्याला म्हणालास, साऱ्या टेकडीला पाणी पाजलंत, तिच्या तोंडात दोन थेंब घालायला मात्र नव्हतात. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. बाविसाव्या दिवशी तू सामान घेऊन गेलास. त्यानंतर धोंडू दोन वर्षं नोकरीत होता, पण चारची पाळी त्याने कधी सोडली नाही, आणि पाणी सोडताना कुणाशी बोलला नाही.

असो. वाचन दोनशे अठ्ठेचाळीसाव्या पानापर्यंत आलंय. शेवटचा अध्याय बाकी आहे. बायका रोज विचारतात, समाप्ती कधी, नारळ आणायचाय. मी म्हणतो, मुहूर्त बघतोय. ओजस वाचतो की मरतो ते मी चोरूनसुद्धा बघितलेलं नाही. धोंडूबद्दल डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दहा दिवस. तुझी काकू आणि गंधाली तुला आशीर्वाद आणि नमस्कार सांगतात, कुणी काय सांगितलं ते वयावरून ओळख.

तुझा,
सहदेवकाका

ता. क. : पुस्तक चांगलं आहे. तक्रारीच्या भरात ते लिहायचं राहिलं.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. राजेश, मी खोटं लिहिलंय. धोंडूचं तोंड शाबूत नाही. जूनमध्ये झटका आला त्याच दिवशी वाचा गेली, तेव्हापासून एक शब्द नाही. वरचे सगळे आक्षेप आणि त्याच्या तोंडचं सगळं बोलणं माझं आहे. एकतीस वर्षं त्याच्याबरोबर टेकडी चढलो, तो कशावर काय म्हणेल ते मला पाठ आहे, म्हणून लिहीत गेलो, आणि खरं सांगू, लिहिताना बरं वाटलं, जणू बोलतोयच. दोनशे चाळीसाव्या पानावर कसलीही चूक नाही. बोलत नाही असं लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, की आता जाऊन काय उपयोग. पण एकशे सत्याऐंशीव्या पानाचं हे मात्र खरं, तुझ्या काकूची शपथ: मी वाचत होतो आणि पांघरुणाखाली काहीतरी हललं. बघतो तर त्याचा डावा हात. तीन फेरे फिरवले, थांबला, आणि मान कलती करून ऐकत राहिला. मग माझ्या हातातलं पुस्तक त्याने ओढून घेतलं, लाल कापड नखांनी ओरबाडून काढलं आणि तुझा फोटो छातीवर पालथा ठेवून झोपला. संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

ता. क. ३ : आता हे शेवटचं, आणि यासाठीच सगळं पत्र लिहिलं, ते वरती लिहायला धीर झाला नाही. बदली माणूस वेळेवर आला नाही, तो बदली माणूस मी. दोन वाजता मी चावी घ्यायची होती. मी खारदांड्याला कोळणींशी घासाघीस करत उभा होतो, मेव्हण्याला रावस हवा होता म्हणून. धोंडूचा फोन आला, ‘विमलाक बरा नाय, लवकर ये.’ वहिनी आठ दिवस दवाखान्यात होत्या, मला वाटलं रोजचंच. म्हटलं, आलोच दहा मिनिटांत. आणि आणखी एक टोपली बघत बसलो. आमच्यात चावी जमिनीवर ठेवून जायचं नसतं, पुढच्याच्या हातात द्यायची असते. माझ्या दहा मिनिटांवर भरवसा ठेवून तो दोन तास उभा राहिला आणि चार वाजले. तू पायरीवर त्याला बोललास तेव्हा मी दहा पावलांवर होतो, पिशवीत रावस होता. मी गप्प राहिलो. त्यानेही माझं नाव घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. मला नोकरीला मुकावं लागेल म्हणून असेल, की तू मला काका म्हणतोस म्हणून असेल, मी कधी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. आता त्याला सांगताच येत नाही, आणि मी नाही सांगितलं तर ही गोष्ट त्याच्याबरोबर जाईल.

तेव्हा ये. शेवटचा अध्याय तू येऊन वाच, मी वाचणार नाही. आणि वेळ आलीच तर त्याच्या तोंडात पाणी तू घाल, माझ्या हाताला तो हक्क नाही. मला काय बोलायचंय ते भरपूर बोल, मारलंस तरी चालेल, पण बाहेर गल्लीत. आत नको. त्याला सगळं ऐकू येतं.